शेजारच्या घरातील किंकाळी

गेल्या उन्हाळ्यात आमच्या भागातील तरुण-तरुणींच्या एका शिबिराची सहल नगरच्या रणगाडा संग्रहालयात गेली होती. फेब्रुवारी १९९४ मध्ये सुरू झालेले हे संग्रहालय आता आपल्या जिल्ह्याची एक ओळखच होऊन बसले आहे. शत्रूकडून जिंकून आणलेल्या पॅटन रणगाड्यापुढे मुलांनी हौसेने छायाचित्रे काढून घेतली. संध्याकाळी शिबिरात चर्चेसाठी प्रश्न ठेवला होता तो असा : दुसऱ्या देशात निरपराध माणसांची सरसकट कत्तल चालू असेल, तर ती थांबवण्यासाठी आपल्या देशाने तेथे सैन्य पाठवणे ख्रिस्ती माणसाला मान्य व्हावे काय?

बहुतेकांचे उत्तर ‘नाही’ असे होते. ख्रिस्ती माणसाचा मार्ग शांतीचा, परक्यांच्या घरात आपण शिरू नये, आपण प्रार्थना करावी, मदत पाठवावी आणि बाकीचे देवावर सोपवावे, असे एकामागून एक सांगत गेले. जमलेल्या वडीलधाऱ्यांनीही समाधानाने माना डोलावल्या. मी मात्र अस्वस्थ झालो. त्या उत्तरात शांतीचे प्रेम होते हे मी नाकारत नाही. पण त्याहून अधिक त्यात निवांतपणाचे प्रेम होते, असे मला तेव्हा वाटले आणि आजही वाटते. हा लेख त्या उत्तराचा प्रतिवाद आहे.

या प्रश्नाचा निकाल पुस्तकात शोधण्यापूर्वी आपण आपल्याच देशाच्या इतिहासात शोधू. २५ मार्च १९७१ च्या रात्री पाकिस्तानी लष्कराने ढाका शहरात आपल्याच नागरिकांवर तोफा डागल्या. विद्यापीठाची वसतिगृहे, हिंदूंच्या वस्त्या, पोलिसांच्या बराकी एका रात्रीत उद्ध्वस्त झाल्या. पुढचे जवळजवळ नऊ महिने पूर्व बंगालात जे चालले, त्यातील मृतांचा आकडा बांगलादेश तीस लाख सांगतो. काही अभ्यासक तो तीन लाखांच्या आसपास धरतात. सर्वांत लहान आकडा घेतला तरी अंगावर काटा यावा. सुमारे एक कोटी माणसे जीव मुठीत धरून भारताच्या हद्दीत आली.

त्या मृतांत आपलीही माणसे होती, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? एप्रिल महिन्यात जेसोर येथे फादर मारिओ वेरोनेसी या इटालियन मिशनऱ्याला सैनिकांनी गोळी घातली. त्याच महिन्यात दिनाजपूरकडील रुहिया येथे संथाळ समाजातील धर्मगुरू फादर लुकास मरांडी मारले गेले. नोव्हेंबरमध्ये ढाक्याजवळ नवाबगंज भागात फादर विल्यम इव्हान्स यांची हत्या झाली. हे तिघेही आपल्या लोकांना सोडून गेले नव्हते. शांतीचा मार्ग त्यांनी आपल्या रक्ताने चालून दाखवला, म्हणून त्यांना माझे वंदन असो. परंतु त्यांच्या हौतात्म्याने कत्तल थांबली नाही, हेही तितकेच खरे आहे.

ती कत्तल आहे, हे जगाला पटवले कोणी? हा मान एका कॅथॉलिक पत्रकाराकडे जातो आणि त्याचा जन्म आपल्या बेळगावचा. अँथनी मस्करेन्यस हे गोव्याच्या मूळच्या ख्रिस्ती कुटुंबातले. त्यांचे शिक्षण आणि नोकरी कराचीत झाली. एप्रिल १९७१ मध्ये पाकिस्तानी लष्कराने आठ पत्रकारांना पूर्व बंगालात नेले, ते सारे काही आलबेल असल्याचे छापून यावे म्हणून. बाकीच्यांनी सांगितले तसे लिहिले. मस्करेन्यस यांनी मात्र आपण जे पाहिले ते लिहायचे ठरवले. ते कराचीत छापले जाणे शक्य नव्हते. म्हणून आजारी बहिणीचे निमित्त सांगून त्यांनी लंडन गाठले. परत येऊन पत्नी आणि पाच मुले देशाबाहेर सुखरूप पोहोचेपर्यंत थांबले. मग स्वतः सरहद्द ओलांडून अफगाणिस्तानात निसटले. १३ जून १९७१ रोजी लंडनच्या ‘संडे टाइम्स’मध्ये त्यांचा लेख आला. त्याच्या मथळ्यात एकच शब्द होता : वंशसंहार. या लेखाने आपण हादरलो आणि युरोपच्या व मॉस्कोच्या दाराशी जाण्याचा निर्धार केला, असे इंदिरा गांधींनी आपल्याला सांगितल्याचे त्या वृत्तपत्राचे संपादक हॅरॉल्ड इव्हान्स यांनी नमूद केले आहे.

शिबिरातील तरुणांना मी विचारतो : घर, नोकरी आणि मायदेश सोडून मस्करेन्यस यांनी ते सत्य जगापुढे मांडले, ते कशासाठी? जगाने वाचावे, हळहळावे आणि वृत्तपत्राची घडी करून ठेवावी, यासाठी?

आता माझ्या विरोधकांच्या आक्षेपांकडे वळतो. ते हलके नाहीत, म्हणून त्यांना एकेक करून उत्तर देणे भाग आहे.

पहिला आक्षेप शुभवर्तमानाचा. प्रभूने पेत्राला तलवार म्यान करायला लावली आणि एका गालावर मारणाऱ्यापुढे दुसरा गाल करायला सांगितले. मग ख्रिस्ती माणूस सैन्य पाठवण्याला होकार कसा देईल? याचे उत्तर असे की, प्रभूने पेत्राला थांबवले तेव्हा तो स्वतःचा प्राण स्वेच्छेने देत होता. दुसऱ्याचा प्राण देत नव्हता. दुसरा गाल पुढे करायचा असतो तो स्वतःचा, शेजारणीच्या लेकराचा नव्हे. माझ्यावर होणारा अन्याय सोसण्याचा मला अधिकार आहे. दुसऱ्यावरील अन्याय त्याच्या वतीने सोसण्याचा अधिकार मला कोणी दिला? चांगला शोमरोनी त्या वाटेवर आला तेव्हा लुटारू निघून गेले होते. तो तासभर आधी आला असता तर? लुटारूंचे काम संपेपर्यंत झाडामागे थांबून मग तेल आणि द्राक्षारस घेऊन पुढे झाला असता, तर प्रभूने त्याचे उदाहरण दिले असते, असे मला वाटत नाही.

दुसरा आक्षेप सार्वभौमत्वाचा. प्रत्येक देश आपल्या घरचा धनी आहे, त्याच्या अंतर्गत कारभारात बाहेरच्यांनी पडू नये, असे म्हणतात. हा नियम चांगला आहे आणि लहान देशांचे मोठ्यांपासून रक्षण करणारा आहे, हे मी मान्य करतो. परंतु आपल्या खेड्यांतून हाच नियम आपण कसा वापरत आलो ते आठवा. शेजारच्या घरात बाईला रोज मार बसतो, तेव्हा ‘त्यांच्या घरातली भांडणं’ म्हणून आपण दार लावून घेतो. एका रात्री किंकाळी येते, रॉकेलचा वास येतो, तरीही आपण उंबऱ्याशी घुटमळतो. दुसऱ्या दिवशी पोलीस पंचनाम्याला येतात आणि सारी आळी ‘आम्हाला काही ठाऊक नाही’ म्हणते. घराला कडी असते ती आतल्या माणसांच्या रक्षणासाठी. आतली माणसे जाळण्यासाठीच जो कडी लावून घेतो, त्याने त्या कडीचा मान गमावलेला असतो. राष्ट्रांनीही हे तत्त्व कागदावर मान्य केलेच आहे. ९ डिसेंबर १९४८ रोजी संयुक्त राष्ट्रसंघाने वंशसंहाराविरुद्धचा करार संमत केला. भारताने १९५९ मध्ये त्याला मान्यता दिली. पाकिस्तानने तर आपल्या आधीच दिली होती. वंशसंहार रोखण्याची जबाबदारी सह्या करणाऱ्या सर्वांनी स्वीकारली आहे. मग किंकाळी ऐकू आल्यावर ‘हा त्यांचा अंतर्गत प्रश्न’ असे म्हणणे म्हणजे आपलीच सही पुसणे होय.

तिसरा आक्षेप हेतूंचा. भारताला बंगाली माणसाचा कळवळा नव्हता, पाकिस्तानचे दोन तुकडे करायचे होते, असे म्हणणारे आजही आहेत. भारताचा हेतू केवळ करुणेचा होता, असे मी म्हणणार नाही. एक कोटी निर्वासितांचा बोजा होता, राजकीय लाभही दिसत होता. तीन डिसेंबरला पाकिस्तानी विमानांनी आपल्या विमानतळांवर हल्ले केले, त्यापूर्वीच नोव्हेंबरात गरीबपूर येथे आपले रणगाडे सरहद्दीपलीकडे लढले होते, हेही लपवण्याचे कारण नाही. संत थॉमस अक्वायनस यांनी न्याय्य युद्धासाठी तीन अटी घातल्या : अधिकार असलेल्या सत्तेची आज्ञा, न्याय्य कारण आणि शुद्ध हेतू. यातील तिसरी सर्वांत अवघड. राष्ट्रांच्या हृदयात कोण डोकावणार? पण मला वाटते, त्याची एक कसोटी आपल्या हाती आहे. वाटेवर पडलेल्याला उचलणाऱ्याच्या मनात आणखी काय होते, हे तो जखमी माणूस विचारत बसत नाही. पण उचलणाऱ्याने त्याला उतारशाळेत नेले की आपल्या शेतावर राबायला नेले, हे मात्र विचारलेच पाहिजे. १६ डिसेंबर १९७१ रोजी ढाक्यात सुमारे ९३ हजार पाकिस्तानी शरण आले आणि मार्च १९७२ मध्ये भारतीय सैन्य बांगलादेशातून परतले. तीन महिन्यांत! हेतूची परीक्षा सैन्य आत जाताना काढलेल्या पत्रकावर होत नाही. ती सैन्य परत येते की नाही यावर होते.

त्या युद्धाचे मोल कोणी दिले, हेही विसरू नये. दोन्ही आघाड्यांवर मिळून तीन हजारांहून अधिक भारतीय जवान कामी आले. त्यांत गंगासागरच्या लढाईत पडलेला लान्स नाईक आल्बर्ट एक्का होता. आजच्या झारखंडमधील गुमला भागातला हा ख्रिस्ती उरांव आदिवासी जवान. त्याला मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. पूर्व आघाडीवरील तो एकमेव मानकरी. ज्या मातीसाठी तो मेला ती आपली नव्हती. त्याच्या मृत्यूला आपण ‘परक्याच्या घरातली लुडबूड’ म्हणणार काय?

चौथा आक्षेप सर्वांत गंभीर आहे आणि तो थेट ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीतून येतो. पोप जॉन पॉल दुसरे यांनी जानेवारी १९९३ मध्ये, बोस्नियाची होळी पेटली असताना, देशोदेशींच्या राजदूतांना बजावले की, अशा वेळी राष्ट्रांना उदासीन राहण्याचा अधिकार उरत नाही. पण त्याच पोप महाशयांनी २००३ मध्ये इराकवरील युद्धाला ठाम विरोध केला. पोप फ्रान्सिस यांनी ऑगस्ट २०१४ मध्ये म्हटले की अन्यायी आक्रमकाला थांबवणे योग्यच आहे. परंतु थांबवणे म्हणजे बॉम्ब टाकणे नव्हे, आणि कसे थांबवायचे हे एकट्या राष्ट्राने ठरवू नये, असेही त्यांनी सांगितले. पुढे २०२० च्या ‘फ्रातेल्ली तुत्ती’ या परिपत्रकात त्यांनी न्याय्य युद्धाच्या जुन्या निकषांवर आज विसंबणे फार कठीण झाले आहे, असा इशारा दिला. मग एकट्या भारताने उचललेले पाऊल कसे समर्थनीय ठरते?

हा प्रश्न मलाही टोचतो. माझे उत्तर असे : राष्ट्रांनी मिळून ठरवावे हेच योग्य. पण राष्ट्रे मिळून गप्प बसली तर? १९७१ च्या मार्चपासून डिसेंबरपर्यंत भारताने दारोदार हिंडून पाहिले. ऑक्टोबर–नोव्हेंबरमध्ये पंतप्रधान स्वतः युरोप-अमेरिकेच्या राजधान्यांतून फिरल्या. सुरक्षा परिषद ढिम्म राहिली. आणि ७ डिसेंबरला, लढाई सुरू झाल्यावर, आमसभेने १०४ विरुद्ध ११ मतांनी युद्धबंदीचा आणि सैन्य मागे घेण्याचा ठराव केला. १०४ राष्ट्रे शांतीच्या बाजूने होती. ती शांती कोणाची होती? ढाक्याच्या मारेकऱ्यांना उरलेले काम निर्वेधपणे पुरे करू देणारी ती शांती होती. एकट्याने पाऊल उचलणाऱ्यावर पुराव्याचा बोजा दुप्पट असावा, हे मी मान्य करतो. पण बहुमत नाही म्हणून बुडणाऱ्याला हात द्यायचा नाही, हे कोणत्या धर्मात बसते?

आणि उदासीनतेची किंमत पाहायची असेल तर रवांडाकडे पाहा. आपल्या नगरचे रणगाडा संग्रहालय उघडले त्यानंतर दोनच महिन्यांनी, एप्रिल १९९४ मध्ये, बहुसंख्य कॅथॉलिक असलेल्या त्या देशात तुत्सींची कत्तल सुरू झाली. शंभर दिवसांत सुमारे आठ लाख माणसे मारली गेली. तेथे राष्ट्रसंघाचे शांतिसैनिक अगोदरपासूनच होते आणि त्यांचे सेनापती रोमिओ डालेर कुमक मागत होते. दहा बेल्जियन सैनिक मारले गेल्यावर बेल्जियमने आपली तुकडी माघारी बोलावली आणि २१ एप्रिल रोजी सुरक्षा परिषदेने सैन्य वाढवण्याऐवजी ते २७० पर्यंत घटवण्याचा ठराव केला. न्यामाता आणि न्ताराम येथे लोक चर्चमध्ये आश्रयाला गेले आणि चर्चमध्येच मारले गेले. न्यांगे येथे तर आश्रितांसह चर्च बुलडोझरने पाडण्यात आले आणि त्यात सहभागी असलेल्या तेथील धर्मगुरूला आंतरराष्ट्रीय न्यायासनाने जन्मठेप दिली. ख्रिस्तसभेच्या सदस्यांच्या या पापांबद्दल पोप फ्रान्सिस यांनी मार्च २०१७ मध्ये देवाकडे क्षमायाचना केली. वाचकहो, ‘आपण प्रार्थना करू आणि बाकीचे देवावर सोपवू’ असे म्हणताना त्या चर्चमधील अस्थी डोळ्यांपुढे आणा. प्रार्थना तर तेथेही चालू होती. आले नाही ते संरक्षण.

याचा अर्थ मी कोणत्याही युद्धाला आशीर्वाद देतो असा कृपा करून काढू नका. रणगाड्यापुढे हौसेने छायाचित्र काढणाऱ्यांशीही माझे भांडण आहेच. आपलीच शांतिसेना १९८७ मध्ये श्रीलंकेत गेली. तेथे ती एका बाजूची शत्रू आणि दुसऱ्या बाजूला नकोशी झाली. अकराशेहून अधिक जवान गमावून १९९० मध्ये ती परतली. २०११ मध्ये लिबियातील नागरिकांच्या रक्षणासाठी दिलेल्या परवानगीचा उपयोग राजवट उलथण्यासाठी झाला आणि मागे उरली ती बेबंदशाही. त्या ठरावावर भारत तटस्थ राहिला होता आणि त्याबद्दल मी भारताला दोष देणार नाही. १९७१ चा विजयही निष्कलंक नाही. विजयानंतर उर्दू भाषक बिहारींवर सूड उगवला गेला आणि त्यांच्या पिढ्या ढाक्याच्या छावण्यांत वाढल्या. ज्या १९५ पाकिस्तानी अधिकाऱ्यांवर युद्धगुन्ह्यांचे खटले चालायचे होते, ते १९७४ च्या करारानुसार मायदेशी परतले. कत्तल थांबली, पण न्याय झाला नाही.

म्हणूनच कॅथॉलिक धर्मशिक्षणाच्या ग्रंथात घातलेल्या अटी मला मोलाच्या वाटतात : होणारी हानी गंभीर, टिकाऊ आणि निश्चित असावी, इतर सारे उपाय निष्फळ ठरलेले असावेत, यशाची खरी आशा असावी, आणि उपाय रोगापेक्षा भयंकर नसावा. त्यांत माझ्या अल्पमतीने मी एक भर घालीन : जाणाऱ्याने परत येण्याची वेळ जाताना सांगावी. या अटी म्हणजे घरात बसून राहण्याची सबब नव्हे. वैद्याने शस्त्रक्रियेपूर्वी दहा वेळा विचार करावा, हे खरेच. पण विचार करीत करीत रोग्याला मरू देणारा वैद्य अहिंसक ठरत नाही.

कोणी विचारील, आपल्या जिल्ह्यातील साध्या धर्मग्रामी कुटुंबांचा याच्याशी काय संबंध? सैन्य पाठवणे आपल्या हाती थोडेच आहे? खरे आहे. पण १९७१ मध्ये आपले वाडवडील काय करीत होते ते आठवा. नोव्हेंबर १९७१ पासून टपालाच्या पाकिटावर पाच पैशांचे शरणार्थी साहाय्याचे जादा तिकीट लावावे लागे. महाराष्ट्र त्या वर्षांत भीषण दुष्काळातून जात होता आणि आपला जिल्हा त्यात होरपळत होता. पुढे खडी फोडायला दुष्काळी कामांवर गेलेल्या माणसांनी, कधी न पाहिलेल्या बंगाली माणसासाठी ते पाच पैसे मोजले. त्यांनी ‘आमचा काय संबंध’ असे विचारले नाही.

आणि ज्यांना हा संबंध अजूनही दिसत नाही, त्यांना मी मणिपूरची आठवण देतो. मे २०२३ पासून तेथे माणसे मारली गेली, हजारो कुटुंबे बेघर झाली, चर्च जळाले आणि मंदिरेही जळाली. तो वंशसंहार होता असे मी म्हणत नाही. पण तेव्हा आपणच चर्चच्या आवारात मेणबत्त्या घेऊन उभे होतो आणि विचारत होतो की देश गप्प का? आपल्या माणसांच्या वेळी जगाची उदासीनता आपल्याला पाप वाटते. मग म्यानमारातून २०१७ मध्ये हाकलले गेलेले रोहिंग्या मुसलमान, सुदानच्या दारफूरमधील आदिवासी, गाझातील लेकरे यांच्या वेळी तीच उदासीनता शांतिप्रियता कशी होते? मारला जाणारा कोणत्या धर्माचा आहे हे पाहून ज्याला दया येते, त्याची दया ख्रिस्ताची नव्हे.

तेव्हा शिबिरातील तरुण मित्रांना माझे सांगणे असे : शांतीचा तुमचा आग्रह सोडू नका. पण शांती म्हणजे आपल्या आळीतील सामसूम नव्हे. मस्करेन्यस यांनी केले ते प्रत्येकाला आपापल्या परीने करता येते : जे घडते आहे त्याला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारणे. मत मागायला येणाऱ्याला विचारा की आपला देश त्या करारावरील सहीला जागणार आहे काय. श्रद्धावंतांच्या प्रार्थनांत ‘जगातील दुःखितांसाठी’ असे मोघम न म्हणता त्या गावांची नावे घ्या. सप्टेंबरात हरेगावला मतमाउलीच्या यात्रेत लाखो लोक जमतात. स्वतःच्या पुत्राला मरताना पाहणाऱ्या त्या मातेपुढे, ज्यांची लेकरे आज मारली जात आहेत अशा मातांसाठीही एक मेणबत्ती लावा. आणि ती लावताना हे ध्यानात असू द्या की ती मेणबत्ती आपल्याला कामातून मोकळे करण्यासाठी नाही.

पहिला खून झाला तेव्हा देवाने काइनाला त्याच्या भावाचा ठावठिकाणा विचारला आणि काइनाने जबाबदारी झटकली. त्याचे ते उत्तर जगातले तटस्थतेचे पहिले पत्रक होय. आपण त्यावर सही करायची की नाही, एवढाच प्रश्न आहे.